आज खांदा, उद्या मान

समोर असतीस तर म्हणले असते, ये, अशी जवळ बस. दाराशी काय उभी राहतीस पाहुण्यावानी? फोनवर रडतीस आन् मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून देतीस, ही कुठली रीत ग? मावशीला रडणं ऐकवायचं, पण मावशीचं ऐकायचं न्हाई. म्हणून आता लिहूनच राह्यले. कागदावर तरी तुला मधी बोलता येणार न्हाई.

तुझ्या पोराच्या दप्तरात ती बोटांत घालून मारायची लोखंडी वस्तू सापडली, फायटर का काय म्हणत्यात ती. तू त्याला मारलंस. तो जेवला न्हाई, मंग तूही जेवली न्हाईस. जावई शाळेत जाऊन सांगून आले की आमचा पोरगा साधा हाये, दुसऱ्यांच्या पोरांनी बिघडवला. हे सगळं मला कळलं. जावयांचं ते बोलणं तर मला पाठच हाये, कारण आमच्या गावात त्या वर्षी घरोघरी हेच बोलून राह्यले होते. सगळ्यांची पोरं साधी आन् सगळ्यांना दुसऱ्याच्या पोरांनी बिघडवलेली. मंग बिघडवणारं कोण राहिलं, हे काही कोणाला सापडंना.

तर त्या वर्षीच्या पोळ्याचं सांगते. तू म्हणशील, मावशी, तुझ्या गावातल्या बैलांचं मला काय. ऐकून घे आधी.

माझा नातू, म्हणजे तुझा भाचा, तव्हा पोलीस भरतीची तयारी करून राह्यला होता. आमच्याकडची निम्मी पोरं तेच करत्यात. पहाटे उठायचं, कुंभार पिंपळगावच्या रस्त्यानं पळायचं, शाळेच्या मागं गोळा फेकायचा, घरी येऊन भिजवलेले हरभरे खायचे आन् आईनं शेतात बोलावलं की पाय दुखत्यात म्हणायचं. त्याच्यासंगं वरच्या आळीतला एक पोरगा पळायचा. आमची खालची आळी. मधी वेस. वेशीच्या दोन्ही अंगाला पाणी एकाच टाकीचं येतं, आन् ही दोघं तर एकाच बाकावर शिकलेली. नातू पळण्यात पुढं, तो गोळ्यात पुढं. हा त्याला म्हणायचा, "तुझे हात दे मला." तो म्हणायचा, "पाय देऊन जा मंग." असं त्यांचं चालायचं.

नागपंचमीला दोन्ही आळ्यांची कबड्डी झाली. नातवानं त्याला मागून कमरेला धरून आपटला. डाव होता, त्यात खोटं काही न्हाई. पण पोरगा पडला तो उजव्या खांद्यावर, आन् खांदा निखळला. घनसावंगीला नेला, तिथून जालन्याला. आला तो गळ्यात झोळी बांधून. त्याच्या भरतीच्या ग्राउंडची, म्हणजे पळायच्या आन् गोळ्याच्या परीक्षेची, तारीख पोळ्याच्या अलीकडंच होती. गोळा फेकायचा हात झोळीत. तारीख आली आन् निघून गेली. तो त्या दिवशी दिवसभर वेशीतल्या ओट्यावर बसून होता म्हणे.

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण आपटल्याचा कोणीतरी व्हिडिओ काढल्ता. त्याला वर गाणं लावलं आन् गावभर फिरवला. मी नातवाला विचारलं, हे तू केलं का? म्हणला, "मी न्हाई." मी म्हणले, मंग ज्यानं केलं त्याला पुसायला सांग. तर पायातल्या बुटाकडं बघत बसला.

तिथून ते स्टेटसचं सुरू झालं. वरच्या आळीनं वाघ टाकायचा, की खालच्या आळीनं सिंह टाकायचा. खाली लिहायचं, वेळ आली की दाखवू. मी म्हणले, हे जंगल कुठून आलं रे आपल्या गावात, इथं शेतात कोल्हा दिसत न्हाई. माझा लेक म्हणला, "आई, पोरं हायेत. चालायचंच." मलाही तव्हा चालायचंच वाटलं.

मंग आला पोळ्याचा आदला दिवस. वेशीला लागून भाभीचं दुकान हाये. राजस्थानातून त्यांचे कोण पणजोबा आल्ते, आता भाभी आपल्यापेक्षा चांगली मराठी बोलती, रागावली की तेवढी हिंदी निघती. मी गोंडे आन् बैलाच्या शिंगाचा रंग घ्यायला गेले. गिऱ्हाईक हटल्यावर ती हळूच म्हणली, "काकू, एक सांगू का? पण माझ्याकडून कळलं असं म्हणायचं न्हाई."

"सांग की."

"पोरं कुऱ्हाडीचे दांडे नेऊन राह्यले."

"मंग?"

"कुऱ्हाड एकानं नेली न्हाई. नुसते दांडे. काल एका आळीचे आले, आज दुसऱ्या आळीचे. आज मी म्हणले संपले, तर माझ्या मागंच ढीग दिसून राह्यला. एक म्हणला, भाभी, ते काय मंग? मी म्हणले, ते बिकाऊ नहीं है, जा." मंग माझ्याकडं न बघता म्हणली, "तुमचापण आल्ता, काकू."

पोळ्याला लाकडं फोडत्यात का कोणी? आन् पोळ्याला दोन्ही आळ्या वेशीत एकदम जमा होत्यात. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची, तो मान वरच्या आळीचा. त्या खांदा निखळलेल्या पोराच्याच घराण्याचा. पण त्यांच्याकडं ट्रॅक्टर आला आन् बैल विकले, आता पोळ्यापुरती जोडी ते आष्टीच्या पाहुण्याकडून आणत्यात. ह्यावर आमच्या आळीची पोरं म्हणायची, मागून आणलेल्या बैलाला मान कशाचा? आमचे बैल घरचे, मान आमचा. म्हणजे भांडायला जागा ठरलेली, वेळ ठरलेली, निमित्त ठरलेलं. आता दांडे पण आले.

तेवढ्यात त्या पोराचीच आजी दुकानात आली. ती आन् मी मागंपुढंच सुना होऊन आलो ह्या गावात. तिचा मालक मागंच वारला. आमचे हे हायेत, पण ऐकू येत न्हाई, त्यामुळं भांडणात त्यांचा काही उपयोग न्हाई. भाभीनं तिलाही आत घेतलं आन् शटर अर्धं ओढलं. पेंडीच्या पोत्यांवर बसलो तिघी.

मी म्हणले, पोलीस पाटलाला सांगावं का?

ती म्हणली, "सांग. ठाण्याची गाडी येईल, नावं लिहून नेतील. नाव लिहिलं की भरतीचं दार बंद. तुझ्या नातवाचं बंद होईल. माझ्याचं तर झालंच हाये."

भाभी म्हणली, "आता जुनं नका काढू, दोघी."

"जुनं कुठं हाये? गळ्यात झोळी अजून हाये त्याच्या," ती म्हणली. पण उठून गेली न्हाई. मंग तीच बोलली. "मी एक सांगते. मी तुझ्या नातवाला बोट लावणार न्हाई, तू माझ्याला लावायचं न्हाई. माझ्या घरातला दांडा मी काढीन, तुझ्या घरातला तू काढ. मी आधी का तू आधी, हे विचारायचं न्हाई."

हे ठरलं. भाभीनं तिच्या ओळखीच्या घरांतल्या बायांना तसंच सांगायचं कबूल केलं. दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवायचं न्हाई, आपापलं आपण बघायचं.

घरी आले. कडब्याची गंज उपसली, माळ्यावर चढले, ज्वारीच्या कोठीत हात घातला, नातवाची गादी उलटी केली. काही न्हाई. सून म्हणली, "काय हरवलं, आत्याबाई?" मी म्हणले, "शांती." ती म्हणली, "ती कोण?" जाऊ दे.

संध्याकाळी खांदेमळणी. तू शहरात वाढली, तुला सांगायला पाहिजे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा मळत्यात. वर्षभर जू वाहून तिथं घट्टे पडलेले असतात. ऊन पाण्यानं शेकायचा, मंग लोणी आन् हळद चोळायची, आन् बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. नातू हे लई मायेनं करतो. लोणी चोळताना बैल मान लांब करून डोळे मिटून उभा राहतो, तसा त्याचा फोटो काढला त्यानं. मी बघून राह्यले होते आन् मनात म्हणून राह्यले होते, ज्या हातानं हे करतो त्या हातात दांडा कसा धरील हा?

दिवे लागायच्या आधीच पत्र्यावर दगड आला. एक. मंग दुसरा. बैल बुजले. नातू बाहेर धावला, गल्लीत कोणी न्हाई. मी विचारलं, हे काय? म्हणला, "काही न्हाई, तू आत जा." पण त्याचा चेहरा असा झाल्ता की मी आत गेले न्हाई. हळद-लोण्याची वाटी हातातच होती. तशीच चपला घातल्या आन् वेस ओलांडून वरच्या आळीत त्या पोराच्या घरी गेले.

ओसरीवर तो पोरगा बसलेला, भोवती त्याच्याच वयाची पोरं. मला बघून काही उठून उभे राहिले, उठायचं का न्हाई ह्या विचारात काही अर्धेच उठले. मी म्हणले, "दगड कोणी टाकला ते विचारायला न्हाई आले. का टाकला ते सांगा."

त्या पोरानं डाव्या हातानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "वाचा, आजी. तुम्हाला वाचता येतं ना."

येतं मला वाचता. शाळेचं तोंड न्हाई पाहिलं, पण लेकाच्या पुस्तकावर शिकले, हे तुला माहीत हाये. बघितलं तर आमच्याच बैलाचा फोटो. पण अगदी जवळून काढलेला, नुसता चोळलेला खांदा आन् त्यावर नातवाचा हात. खाली लिहिलेलं: आज खांदा, उद्या मान.

मी म्हणले, "बराबर हाये की. आज खांदेमळणी, उद्या पोळ्याचा मान. तो मान तुमचा, आन् हा आपला म्हणून राह्यला, एवढाच त्याचा गाढवपणा."

पोरगा हसला. चांगलं हसू न्हवतं ते. झोळीतला हात जरासा उचलून म्हणला, "तो मान न्हाई, आजी. ती मान. खांदा मोडून झाला, आता उद्या मान मोडायचीय त्याला. आम्हाला मराठी येत न्हाई का?"

मी परत वाचलं. आन् आता मलाही तेच दिसलं. अक्षरं तीच, एकही कमी-जास्त न्हाई. तो म्हणून वाचलं तर गुलाल-वाजंत्री, ती म्हणून वाचलं तर मुडदा. आन् त्या पोराच्या जागी बसून वाचलं तर दुसरं काही वाचताच येत न्हाई.

मी त्याच्याजवळ बसले. म्हणले, "काढ झोळी."

"काऊन?"

"लोणी आणलंय. खांदा मळते."

"मी काय बैल हाये का?"

"बैलावानीच करून राह्यले सगळे. तू एकटा न्हाई."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. त्यानं त्याच्याकडं असं बघितलं की हसू तिथंच मेलं. मला म्हणला, "राहू द्या, आजी. अंधार पडंल, घरी जा." त्याची आजी दारात उभी होती. मी वाटी ओसरीच्या खांबाशी ठेवली. म्हणले, "आवतन देऊन जाते. उद्या जेवायला ये." आवतनाला न्हाई म्हणत न्हाईत आपल्याकडं, म्हणून न्हाई म्हणला न्हाई. पण हो पण म्हणला न्हाई.

घरी येऊन नातवाला धरलं. "तो मान का ती मान?"

"मी बैलाचं लिहिलं, आजी."

"मंग बैलाचं असं लिहायला काय हात दुखत होते?"

म्हणला, "मजा न्हाई ना त्यात."

"पुस ते."

"आता पुसलं तर भिऊन पुसलं म्हणतील."

बघ, एवढं साधं गणित. टाकलं तर मारामारी, पुसलं तर भित्रा. पोरांना मधी पाय ठेवायला जागाच उरत न्हाई ग. तुझ्या पोरानं ते लोखंड दप्तरात का ठेवलं, ह्याचं उत्तर मला वाटतं तिथंच कुठंतरी हाये. त्याला मारायचं असंल असं न्हाई. त्याला कोणी भित्रा म्हणू नये एवढंच असंल.

आन् नातवाला खरंच बैलाचंच म्हणायचं होतं का, का अर्धं बैलाचं आन् अर्धं मुद्दाम, हे त्यानं मला अजून सांगितलेलं न्हाई. मीही आता विचारत न्हाई.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर वेशीत बैल जमा झाले. आता बैल तरी किती राहिलेत गावात? पण होते तेवढे सजलेले. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, पाठीवर रंगीत झुली. ताशा वाजून राह्यला होता. एरवी पोळ्याला पोरं नाचत्यात. त्या दिवशी एकही पोरगा नाचंना. दोन्ही आळ्यांची पोरं आपापल्या बैलापाशी चिकटून उभी. मी ताट घेऊन बायांमधी उभी होते, आन् माझी नजर नातवाच्या हाताकडं. एका हातात कासरा. दुसरा हात बैलाच्या पाठीवर, झुलीवर. तो हात तो उचलंच ना.

मंग मला दिसलं. झूल कशी पडती बैलाच्या अंगावर, पाण्यावानी पडती. ही एका अंगानं ताठ होती. तिच्या खाली लांब, सरळ काहीतरी. मी समोरच्या जोडीकडं बघितलं, आष्टीच्या बैलांकडं. त्या पोराचा डावा हात तसाच झुलीवर. तीही झूल ताठ. आन् मंग जिकडं बघावं तिकडं मला ताठ झुलीच दिसायला लागल्या. आम्ही घरं उपसली, आन् पोरांनी दांडे बैलाच्या पाठीवर ठेवल्ते. पोळ्याच्या बैलावर कोण संशय घेईल?

तोरणाशी पुजारी उभा, मान कोणाचा ते पुकारायच्या बेतात. पुकारलं की संपलं. मी त्या आजीला शोधलं. ती पार मागं, देवळाच्या पायरीपाशी, हातात ताट न्हाई. तव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विधवा बाई पोळ्याच्या बैलाला ओवाळायला पुढं येत न्हाई आमच्याकडं. घरात काढीन म्हणली होती ती. इथं वेशीत, गावासमोर, बैलापाशी ती येणार कशी? हे आमच्या तिघींच्या ध्यानातच आलं न्हवतं.

आता काय करायचं? मी माझ्या नातवाचा दांडा काढला आन् तिनं तिच्याचा न्हाई काढला, तर माझा नातू रिकाम्या हातानं उभा आन् समोर दांडे. पण मी आधी का तू आधी, हे विचारायचं न्हाई असं ठरल्तं. 

गेले. नातू दबक्या आवाजात म्हणला, "आजी, ओवाळणं घरी असतं, इथं न्हाई." मी म्हणले, "मला बैलाला कुंकू लावायचंय. हात काढ." पोळ्याच्या दिवशी बाईला बैलाला कुंकू लावू नको म्हणायची हिंमत कोणाची न्हाई. त्यानं हात काढला. मी कुंकू लावलं, झूल उचलली आन् दांडा ओढून बाहेर घेतला. म्हणले, मोठ्यानं म्हणले, "अरे, बैल काय लाकडं फोडायला चालला का?"

म्हातारी माणसं हसली. ताशा थांबला. पोरं हसली न्हाईत. वरच्या आळीचे दोघं-तिघं पुढं सरकले. नातू पांढराफटक पडला, पण मागं सरला न्हाई, आन् जोडीतल्या दुसऱ्या बैलाच्या झुलीकडं हातही नेला न्हाई. मी दांडा छातीशी धरून उभी. मी त्या आजीकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बोट दाखवल्यावानीच झालं असतं.

मंग बायांमधून वाट झाली आन् ती आली. हात रिकामे. तिचा नातू तिला म्हणला, "आजी, मागं सर. तू कशाला आली?"

मागून कोणीतरी म्हातारा म्हणला, "अहो बाई, तुम्ही न्हाई पुढं यायचं. पोळा हाये."

ती त्याच्याकडं वळली. "बैल काय माझं कपाळ बघतो व्हय?"

तिनं माझ्या ताटात बोट बुडवलं, आष्टीच्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, आन् झुलीखाली हात घातला. तिच्या नातवाचा हात अजून झुलीवरच. म्हणली, "उचल. तुझा एक हात घालवला कबड्डीत. हा पण घालवायचा का?" तो तिच्याकडं बघत राहिला. मंग त्यानं स्वतःच दांडा ओढला आन् तिच्या हातात दिला.

त्यानंतर बाया निघाल्या. कोणाची आई, कोणाची चुलती, प्रत्येक जण आपल्याच बैलापाशी, कुंकवाच्या निमित्तानं. कोणी दांडा काढला, कोणाला काही मिळालं न्हाई, एकीला झुलीखाली नुसती पाण्याची बाटली मिळाली. एकजण लेकाला कानफटात मारून मोकळी झाली, तिला आम्ही मागं ओढलं. भाभी दुकानाच्या पायरीवर उभी राहून नाव न घेता म्हणत होती, "जल्दी करा, जल्दी करा, बैल उन्हात उभे हायेत."

मान वरच्या आळीचाच पुकारला. आष्टीची जोडी तोरणाखालून पहिली गेली. आमच्या आळीतून एक शिटी वाजली, कोणाची ते मला ठाऊक हाये. पण तेवढंच.

सांजच्याला बैल घरोघर फिरत्यात. सून पुरणपोळ्या लाटून राह्यली होती, मी भाजून राह्यले होते आन् कान दाराकडं. आवतन दिलं होतं, पण तो पोरगा येईल असं मला वाटत न्हवतं. घुंगरं वाजली. बघते तर आष्टीची जोडी दारात, कासरा त्याच्या डाव्या हातात. आत आला न्हाई. नातू उठून दारात गेला. सुनेनं लाटणं खाली ठेवलं. मी तवा उतरवला, पोळी कच्ची राहिली तर राहू दे.

दोघं बैलाकडंच बघत उभे. मंग नातू म्हणला, "खांदा कसा हाये?"

तो म्हणला, "बरा हाये. मान पण बरी हाये."

सून पदर तोंडात घालून आत पळाली. मी बैलांना पोळी खाऊ घातली, त्याच्या हातावरही एक ठेवली. उभ्या-उभ्यानंच खाल्ली त्यानं. जाताना म्हणला, "वाटी उद्या आणून देतो, आजी." त्याच्या अंगाला हळदीचा वास होता. कोणी चोळली ते मी विचारलं न्हाई.

सगळं गोड झालं असं समजू नको. ते स्टेटस दुसऱ्या दिवशी आपोआप निघून गेलं, तो व्हिडिओ अजून कोणाकोणाच्या मोबाइलवर हाये. दोन्ही आळ्यांतली काही पोरं आजही एकमेकांशी बोलत न्हाईत. गणपतीत एकदा हमरीतुमरी झाली, पण नुसत्या हातांवर भागली, दांडे निघाले न्हाईत. आता खांदेमळणीला आम्ही बाया समोरच्या आळीत जाऊन पोरांना आवतन देतो. पोरं लाजत्यात, आपसात बैलाचा आवाज काढत्यात, पण जेवायला येत्यात. भाभी कुऱ्हाड घेतल्याशिवाय दांडा देत न्हाई. आमची ही दोघं परत पिंपळगावच्या रस्त्यानं पळत्यात. त्याचा खांदा अजून पुरता वर जात न्हाई, म्हणून हा त्याच्यासाठी हळू गोळा फेकतो. मला वाटतं चुकतो हा, जोरात फेकायला पाहिजे. पण मी बोलत न्हाई.

आन् तो दांडा मी ठेवलाय. कपडे वाळत घालायची दोरी सैल पडली की त्यानं उचलून धरते.

तर बाई, जावयांना सांग, दुसऱ्याच्या पोरांची नावं शाळेत देऊ नका. त्या पोरांच्या आया असतील, त्यांच्या घरी जा. काही तरी घेऊन जा, लोणी न्हाई तर साखर. तुझ्या पोराच्या दप्तरात तूच हात घाल, पण त्याच्यासमोर घाल, चोरून न्हाई. आन् त्याला विचार, तुला भित्रा कोण म्हणतंय?

आन् मंग त्याला घेऊन इकडं ये. पोळ्याची वाट बघू नको, तो लांब हाये. जीप कुंभार पिंपळगावपर्यंत मिळती, पुढं नातू गाडी घेऊन येईल न्यायला, किंवा तो दुसरा येईल, एका हातानं चालवतो पण नीट आणतो. तू येताना काय आणायचं ते आण. पोराला मात्र सांग, मावसआजीनं आवतन दिलंय, आन् त्यानं रिकाम्या हातानं यायचंय. जल्दी या.